आमच्या रस्त्यावरचा कर

इंग्लंडच्या राजाचं काम मी केलं ते एका शुक्रवारी सकाळी, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून. प्रेक्षक चौथीच्या वर्गातले होते. रंगमंच म्हणजे फळ्यासमोरची मोकळी जागा, आणि सिंहासन म्हणजे बाईंची चाकांची खुर्ची. मी ऐटीत बसलो, खुर्ची मागे सरकली आणि इंग्लंडचं साम्राज्य पेन्सिलींच्या कपाटावर जाऊन आदळलं. त्या एका क्षणाला जेवढ्या टाळ्या पडल्या तेवढ्या मला कॉलेजातल्या सगळ्या एकांकिकांत मिळूनही पडल्या नव्हत्या.

आम्ही तेव्हा अटलांटाच्या उत्तरेला राहत होतो, अल्फारेटाहूनही थोडं पुढे, जिथे कालपर्यंत झाडं होती आणि आज कॉलनी होती अशा भागात. नवं शतक सुरू होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. आमच्या मुलीला चौथीत अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध होतं. तिच्या बाईंचं म्हणणं असं की हा धडा नुसता वाचून काही उपयोग नाही. चहा पिणारी, चर्चला जाणारी, बऱ्या घरची माणसं एके दिवशी उठून चहाच्या पेट्या समुद्रात का टाकतात, हे मुलांना पोटातून कळलं पाहिजे. म्हणून त्या दरवर्षी एक खेळ करायच्या. प्रत्येक मुलाला मूठभर रंगीत गोळ्या द्यायच्या, आणि मग राजाने येऊन त्यांच्यावर कर बसवायचा. राजा बाहेरचा हवा, कारण बाईंनी काहीही केलं तरी मुलं ते मुकाट ऐकून घेतात. त्यांनी पालकांना चिठ्ठी पाठवली होती की, मुलांनी थोडा वेळ आपला तिरस्कार केला तर चालेल असं कोणी आहे का? माझ्या बायकोने मला न विचारता माझं नाव कळवलं. मी विचारलं, का? तर म्हणाली, तुला कोणी पाहणार असेल तर तिरस्कारही चालतो.

बायको नागपूरची. नागपूरच्या माणसाशी वाद घालून पुण्याचा माणूस कधी जिंकला आहे?

पोशाखासाठी मी मंडळाच्या काकांकडे गेलो. अमेरिकेतल्या प्रत्येक महाराष्ट्र मंडळाची एक ट्रंक असते, आणि ती मंडळातल्या सर्वांत जुन्या माणसाच्या गॅरेजमध्ये असते. आमचे काका सत्तरच्या दशकात आलेले. मंडळाची घटना त्यांनी लिहिलेली, आणि प्रत्येक सभा त्याच घटनेबरहुकूम चालली पाहिजे हा त्यांचा आग्रह. त्यांच्या ट्रंकेत गणपतीच्या नाटकांचे कपडे होते. अंगरखे, शेले, लाकडी तलवार, आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाने भरलेली एक लाल पगडी. काका म्हणाले, "इंग्लंडचा राजा पगडी घालत नसे." मी म्हटलं, काका, चौथीच्या पोरांना काय कळतंय. त्यांनी एक सुस्कारा सोडला आणि पगडीसाठी वहीत माझी सही घेतली.

पोरांना कळलं. मी वर्गात शिरून दोन पावलं टाकली नाहीत तोच पुढच्या बाकावरच्या एकाने हात वर केला. राजाच्या डोक्यावर केक का आहे, असं त्याला विचारायचं होतं.

"प्रश्न विचारल्याबद्दल एक गोळी," मी म्हणालो आणि कराचा डबा पुढे केला.

पुढचं सांगण्याआधी आमच्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण राजा, पगडी, गोळ्या हे सगळं तसं किरकोळ होतं. आमची मुलगी शाळेत बोलत नसे. ती चार वर्षांची असताना आम्ही इथे आलो. घरी अखंड बडबड. रस्त्यात दिसलेल्या खारीवर पंधरा मिनिटं बोलायची. पण शाळेच्या दारात पाय ठेवला की तोंड बंद. शिक्षिका चांगल्या होत्या. चित्रांची कार्डं झाली, समुपदेशक झाल्या, डॉक्टर झाले. सगळे म्हणायचे, धीर धरा, बोलेल. आम्ही धीर धरला, दुसरं करणार काय? पुण्याहून फोनवर आई विचारायची, बोलली का रे? मग मी विषय बदलून हवामान सांगायचो.

मग समोरच्या घरात एक मुलगी राहायला आली. आमच्या दोन कॉलन्या समोरासमोर, मधे एक रस्ता, ज्याच्यावरून हायवेला जाणारी सगळी गाड्यांची रांग शॉर्टकट म्हणून यायची. ही मुलगी त्या रस्त्याच्या पलीकडची. नाकावर ठिपके, पुढचे दोन दात गायब, आणि तोंडाचा पट्टा दोघींना पुरेल एवढा. दोघी एका वर्गात. दुसरीत असताना आमची मुलगी तिच्या कानात कुजबुजायला लागली आणि ती ते मोठ्याने जाहीर करायला लागली. हिला बाथरूमला जायचंय. ही म्हणते उत्तर अकरा आहे. ही म्हणते तुम्ही फळ्यावर चुकीचं लिहिलंय. चौथीपर्यंत येता येता आमची मुलगी बाईंनी विचारलं तर स्वतः उत्तर द्यायला लागली होती, पण अट एकच, मैत्रीण शेजारच्या खुर्चीवर हवी. मैत्रीण तापाने घरी राहिली की आमच्या मुलीचं त्या दिवशी शाळेत मौनव्रत.

एवढं झालेलं असताना, त्या वर्षी हिवाळा संपता संपता, काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, शिक्षण मंडळाकडून एक नकाशा आला. शाळेत मुलं फार झाली होती, मागच्या मैदानात ट्रेलरच्या तात्पुरत्या खोल्या उभ्या करून वर्ग चालले होते. म्हणून हायवेच्या पलीकडे नवी शाळा बांधली होती आणि कुठल्या घरातलं मूल कुठल्या शाळेत जाईल त्याची नवी सीमा आखली होती. सीमेची रेष जाड लाल. ती बरोबर आमच्या रस्त्याच्या मधोमध गेली होती. पलीकडची बाजू जुन्या शाळेत. आमची बाजू नव्या शाळेत, येत्या ऑगस्टपासून.

मुलीने नकाशा पाहिला. रेषेवर बोट ठेवून ते वरपासून खालपर्यंत फिरवलं. काही बोलली नाही. घरात ती बोलली नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

हे शिक्षण मंडळ निवडून आलेलं असतं, हे मला माहीत होतं. त्याला लागणारा पैसा आमच्या घरपट्टीतून जातो, हेही माहीत होतं, कारण घरपट्टी मी भरत होतो. आयकर भरत होतो. म्हातारपणच्या पेन्शनसाठी पगारातून पैसे कापले जात होते, आणि ते म्हातारपण या देशात घालवायला मिळेल की नाही हे माझी ग्रीन कार्डची फाइल जिच्या टेबलावर पडली होती त्या अज्ञात बाईला माहीत. मत मात्र देता येत नव्हतं. व्हिसावर होतो. याबद्दल माझी तक्रार होती असं नाही. व्हिसावरचा माणूस तक्रार मनातल्या मनात करतो, आणि तीही जरा हळू आवाजात.

तर आता परत राजाकडे.

मी खिडकीजवळ बसण्यावर कर बसवला. निळ्या जीन्सवर बसवला. बुटाची नाडी सुटलेली असण्यावर, आणि ती बांधण्यावर वेगळा. एक पोरगी शिंकली, तिच्याकडून दोन घेतल्या. सुरुवातीला मुलं खिदळत होती. मग हळूहळू हसणं थांबलं आणि ती आपापल्या गोळ्यांवर हात झाकून बसली. मग मी तो सर्वांत नीच प्रकार केला, जो बाईंनी सांगितला नव्हता. डब्यातली एक लाल गोळी काढली, त्यांच्याकडे बघत तोंडात टाकली, आणि चवीने खाल्ली. वर्गातून जो आवाज आला तो मी या देशात तोवर ऐकला नव्हता. ऑफिसात इतकी वर्षं काढली, पण इथल्या माणसांना अन्यायाचा राग येतो तेव्हा ती कशी दिसतात हे मला त्या नऊ-दहा वर्षांच्या पोरांनी दाखवलं.

पण बाईंचा एक नियम होता. लगेच दंगा करायचा नाही. आधी विनंती करायची. ती नाकारली तर पुन्हा करायची. मगच चिडायचं. त्या म्हणायच्या, इतिहासात हे सगळं क्रमाने झालं, आपणही क्रमाने करू. म्हणून वर्गाने अर्ज लिहिला आणि तो राजाला द्यायला दोन प्रतिनिधी निवडले. आमची मुलगी आणि तिची मैत्रीण. दोघी समोर येऊन उभ्या राहिल्या. कागद मैत्रिणीच्या हातात होता, तेव्हा वाचणार तीच, हे मी धरूनच चाललो होतो.

मैत्रिणीने कागद फक्त धरला. वाचला आमच्या मुलीने. मोठ्याने. सगळ्या वर्गासमोर.

"प्रिय राजा, तुम्ही आमच्या गोळ्या घेता आणि आम्ही हो म्हटलेलं नाही. तुम्ही लांब राहता आणि तुम्ही आम्हाला ओळखत नाही. आधी आम्हाला विचारा."

मी पगडी जरा डोळ्यांवर ओढली. उठून तिला उचलून घ्यावं आणि सगळ्या गोळ्या सगळ्यांना परत करून टाकाव्या असं मला वाटलं. मागे बाई मान हलवून खुणावत होत्या, नाही म्हणा, नाही म्हणा. खरंच होतं. राजा हो म्हणाला असता तर अमेरिकाच झाली नसती आणि धडा तिथेच संपला असता. मी अर्ज घेतला. नीट घडी घातली. चारी बाजूंनी पाहिला. मग उठलो, तो सिंहासनावर ठेवला, आणि त्याच्यावर बसलो.

त्यानंतर क्रांती झाली. डबा उलटा झाला, गोळ्या सगळ्या वर्गभर उड्या मारत गेल्या, आणि पंचवीसेक वसाहतींनी मिळून राजाला खुर्चीसकट दाराबाहेर ढकलून पार लायब्ररीपर्यंत नेलं. पगडी घरंगळत गेली ती मुख्याध्यापकांच्या पायाशी. त्या सगळ्या कल्लोळात मला एक आवाज वेगळा ऐकू येत होता, आणि तो घरातला होता.

त्या संध्याकाळी गाडीत ती सारखी बोलत होती. "बाबा, यू वर सो मीन. तू अर्जावर बसलास. इट वॉज द बेस्ट." आनंदाने मी दोन सिग्नल चुकीच्या लेनमध्ये काढले. मग तिने विचारलं, नकाशावर पण असंच असतं का? आधी विचारायचं? मी म्हटलं, हो, असंच असतं. सुनावणी असते, तिथे कोणीही जाऊन बोलू शकतं, मत असो नसो. ती म्हणाली, मग तू जा. तू बोलतोस छान.

रस्त्याच्या आमच्या बाजूला सगळी आमच्यासारखीच घरं होती. दोन मराठी, बाकी तेलुगू आणि गुजराती, सगळे व्हिसावर, सगळ्यांची मुलं त्याच शाळेत. कोणीतरी बोललं पाहिजे यावर एकमत झालं, आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण त्यांच्या मुलांनी घरी जाऊन राजाचं वर्णन केलं होतं. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळणार होती. मी भाषण लिहिलं, गॅरेजमध्ये उभा राहून म्हणून पाहिलं, बायकोने घड्याळ लावलं. त्यात सगळं होतं. वसाहतींनी राजाला काय सांगितलं होतं ते होतं, आम्ही भरतो त्या कराचा सभ्य शब्दांत उल्लेख होता, आणि शेवटी एका मुलीची गोष्ट होती, जी दोन वर्षं गप्प होती आणि आता बोलते. बरोबर दोन मिनिटं. बायकोसुद्धा म्हणाली, चांगलं आहे. तिच्या तोंडून हे म्हणजे सुवर्णपदक.

सुनावणी काउंटीच्या सभागृहात, संध्याकाळी. पुढे एक लांब कमानीसारखं टेबल, त्यामागे मंडळाचे सदस्य, प्रत्येकासमोर नावाची पाटी. बोलणाऱ्यासाठी माइक, माइकवर छोटे दिवे. हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे आवरा, लाल झाला की घंटा. काका टाय लावून आले होते, खास मला पाठिंबा द्यायला. बायको आणि मुलगी तिसऱ्या रांगेत. मुलीने इस्त्रीचा फ्रॉक घातला होता.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेलो, खिशातून कागद काढला, हिरवा दिवा लागला. आणि मराठी शाळेत शिकलेल्या, वक्तृत्व स्पर्धांत ढाली मिळवलेल्या, महाराष्ट्र मंडळाच्या सभांत काकांच्या देखरेखीखाली तयार झालेल्या माणसाचं जे होतं ते माझं झालं.

आपल्याकडे भाषण भाषणाने सुरू होत नाही. ते नमस्काराने सुरू होतं. आणि नमस्काराची तालीम कोणी करत नाही, तो आपोआप येतो. मी म्हणालो, इंग्रजीत, पूर्ण आवाजात, "व्यासपीठावरील सन्माननीय अध्यक्षा." मग उपाध्यक्ष. मग मला दिसलं की प्रत्येकाच्या समोर पाटी आहे, आणि एकाचं नाव घेऊन दुसऱ्याचं न घेणं हा तर अपमान. मी सगळ्या पाट्या वाचल्या, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक नावाला सन्माननीय लावून. एक पाटी लांबून नीट दिसेना, तर पुढे वाकून पाहिली. मग मंडळाच्या सचिवांना वंदन केलं, मग नकाशा तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांना, कारण मन मोठं पाहिजे. मग इथे मोठ्या संख्येने जमलेल्या बंधुभगिनींना. संख्या तीसच्या आसपास असेल. मग मला ही संधी दिल्याबद्दल ऋण व्यक्त केले. तिसऱ्या रांगेत बायको तोंडासमोरची माशी हाकलावी तसा हात हलवत होती. मला वाटलं, प्रोत्साहन देतेय. पिवळा दिवा लागला तेव्हा, खोटं कशाला सांगू, चेहऱ्यावर प्रकाश पडल्यासारखं छान वाटलं.

"आता मी माझ्या मुख्य विषयाकडे वळतो," मी म्हणालो, आणि घंटा वाजली.

अध्यक्षा हसल्या. फार छान बोललात, आभारी आहोत, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मी अजून सुरूच केलेलं नाही. त्या म्हणाल्या, त्यांना कल्पना आहे. आणि त्यांनी पुढचं नाव वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कंटाळाही नव्हता. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. अर्जावर बसताना माझा तोच होता. फरक एवढाच की मला तेव्हा मजा येत होती.

पुढचं नाव होतं मैत्रिणीच्या वडिलांचं. तो घरांची छपरं बसवायचं काम करायचा. कामावरून तसाच आला होता, बुटांना डांबर लागलेलं. त्याने कोणाला नमस्कार केला नाही.

"माझं घर रेषेच्या चांगल्या बाजूला आहे," तो म्हणाला. "माझ्या मुलीची मैत्रीण समोर राहते. दोघी एकत्र असल्या की ती मुलगी बोलते. रेष जरा सरकवा. एवढंच."

तो जागेवर येऊन बसला तेव्हा दिवा हिरवाच होता.

अध्यक्षांनी त्याचेही आभार मानले. तेवढेच, तशाच हसून. आणखी काही लोक बोलले. मग मंडळाने हात वर केले, सगळ्यांनी, आणि नकाशा मंजूर झाला. या सगळ्याला माझ्या नमस्कारांहून कमी वेळ लागला. दाराजवळच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या नकाशांचा गठ्ठा छापून तयार होता, जाताना ज्याने त्याने घेऊन जावा म्हणून. म्हणजे मी मुख्य विषयापासून सुरुवात केली असती तरी तो गठ्ठा तिथेच होता. हा विचार मी पुढे अनेकदा केला. त्याने बरं वाटायला हवं होतं.

बाहेर काकांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "छान बोललास. सुरुवात तर फारच सुंदर." ते मनापासून बोलत होते. तीस वर्षं या देशाचे नागरिक, पण काउंटीच्या सभेला ते पहिल्यांदाच आले होते.

बायको गाडीपर्यंत पुढे चालत गेली. दार उघडताना म्हणाली, "सगळ्यांना नमस्कार करून राहिला होतास. पोरीचंच राहिलं."

मागच्या सीटवरून मुलगी म्हणाली, "ओके. वुई आस्क्ड. दे सेड नो. मग तिच्या डॅडने आस्क केलं, आणि त्याला तर व्होट आहे."

"हो."

"मग आता आपण चिडायचं. इट गोज इन ऑर्डर, बाबा."

चिडणं आम्हाला परवडणारं नव्हतं. आमच्या वकिलाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की फाइल पुढे सरकेपर्यंत कुठल्याही भानगडीत नाव येऊ देऊ नका. साधं वेगाने गाडी चालवल्याचं तिकीट मिळालं तरी मला झोप लागायची नाही. आणि चिडून टाकायचं काय, कशात? समुद्र तिथून कित्येक तासांवर. कॉलनीच्या तोंडाशी एक तळं होतं, त्यात बदकं होती. मी हे सगळं गंमतीने सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, निदान थोडं तरी चीड. मी म्हटलं, चिडलोय. ती म्हणाली, दिसत नाही.

मैत्रिणीच्या वडिलांनी सुचवलं होतं, आमच्या बाजूला एखादं घर विकत घ्या. नकाशा आल्यापासून त्या बाजूच्या घरांचे भाव वर गेले होते, आमच्या बाजूचे खाली. त्याला हे माहीत नव्हतं असं नाही. त्यालाही दुसरं काही सुचत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात एका रविवारी जेवताना मुलीने चमचा खाली ठेवला आणि आमच्याविरुद्धच्या तक्रारी सांगायला सुरुवात केली. एकेक, शांतपणे, बाईंनी शिकवल्यासारख्या. अमेरिकेला जायचं तुम्ही ठरवलंत, मला कोणी विचारलं नाही. आजीला सोडून आलो, विचारलं नाही. या घरात आलो, विचारलं नाही. रोड क्रॉस करून पलीकडे घर घेतलं असतं तर? बायको माझ्याकडे बघत होती आणि मी भाताकडे. गेले कित्येक महिने मी स्वतःला वसाहत समजत होतो. आमच्या घरात राजा कोण होता हे मला त्या दिवशी कळलं, आणि त्या राजाकडे देण्यासारखं काहीच नव्हतं. इंग्लंडच्या राजाकडे निदान द्यायला होतं, त्याने दिलं नाही एवढंच.

मी म्हटलं, ठीक आहे, आजपासून या घरात सभा होईल, तुला मत. ती म्हणाली, आणि तिला? मैत्रिणीलाही मत मिळालं. पहिली सभा पुढच्या रविवारी झाली. काकांच्या घटनेप्रमाणे सूचक, अनुमोदक, सगळं रीतसर. सूचक आमची मुलगी, अनुमोदक समोरच्या घरचे सन्माननीय प्रतिनिधी, दात आता आलेले. ठराव असा की लाल रेष रस्त्यावरून उचलून तळ्याच्या पलीकडे ठेवावी. चार विरुद्ध शून्य मतांनी मंजूर. बायकोने आभारप्रदर्शन केलं आणि पोहे वाढले. त्या उन्हाळ्यात आम्ही पुष्कळ ठराव केले. सगळे एकमताने. रेष होती तिथेच राहिली.

ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली. नव्या शाळेची इमारत सुंदर होती, बाई प्रेमळ होत्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. म्हणाल्या, तुमची मुलगी फार गोड आहे, अजिबात त्रास देत नाही, इतकं लक्षपूर्वक ऐकणारं मूल मी पाहिलं नाही. मी त्यांचे आभार मानले. फोन ठेवला आणि तसाच स्वयंपाकघरात उभा राहिलो. बायकोला माझ्या पाठीवरून कळलं.

सकाळी मी ऑफिसला निघायचो तेव्हाच मुलीची बस यायची. दोघींच्या बसा वेगळ्या झाल्या होत्या, आमची आधी यायची. पण आमची मुलगी आमच्या बाजूला थांबायची नाही. बस यायच्या बरीच आधी ती रस्ता ओलांडून मैत्रिणीच्या बाजूला जाऊन उभी राहायची. तिथे दोघींचं बोलणं चालायचं. दिवसभराचं सगळं तिथेच उरकून घ्यायची असं मला वाटायचं.

मग पिवळी बस यायची. आमच्या बाजूला थांबायची, लाल दिवे लागायचे आणि ड्रायव्हरच्या खिडकीशेजारून लाल पाटी बाहेर यायची. त्या देशात ही पाटी बाहेर आली की दोन्ही बाजूंची सगळी वाहतूक थांबते. हॉर्न नाही, पुढे सरकणं नाही. हायवेला जायला घाईत असलेल्या शॉर्टकटवाल्यांची लांबच लांब रांग. आणि सगळे थांबले, अगदी सगळे, की मग आमची मुलगी निघायची.

ती सावकाश चालायची. असं सावकाश चालणं मी त्याआधी किंवा नंतर पाहिलं नाही. आधी मैत्रिणीच्या कानात शेवटचं काहीतरी. मग दप्तराचा पट्टा नीट. मग एक पाऊल. बुटाची नाडी सुटलेली असली तर थांबून बांधायची. रस्त्याच्या मधोमध, जिथे नकाशात ती जाड रेष होती, तिथे ती थोडा वेळ उभी राहायची, एक पाय इकडे आणि एक तिकडे. एकदा तिथे सुरवंट चालला होता, तर तो पार जाईपर्यंत. बसची ड्रायव्हर एक थोराड बाई होती, तिने एकदाही घाई केली नाही. स्टीअरिंगवर हात ठेवून बघत बसायची.

मी त्या रांगेत असायचो, कधी तिसरी गाडी, कधी पाचवी. माझी नऊची मीटिंग हुकायची. समोरच्या लेनमध्ये छपरांचं सामान लादलेला एक ट्रक असायचा. एका सकाळी त्यातून मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग मीही केलं. मागच्या गाड्यांना कळेना काय झालंय. मुलगी रेषेवर उभी होती, दोन्ही बाजूंना पाहत होती, हात कमरेच्या पट्ट्यात, आणि कोणाकडून किती कर घेणं बाकी आहे याबद्दल तिच्या चेहऱ्यावर मुळीच गोंधळ दिसत नव्हता.